छप्पन एपीओत पाऊस कसा आहे?

फौजी माणसाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ', एवढ्यावर पत्र बरोबर पोचतं. माणूस लेहच्या थंडीत असो की जैसलमेरच्या वाळूत, पत्ता तोच. आपली पलटण कुठं आहे हे शत्रूला कळू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. शत्रूचं काय व्हायचं ते होवो, आमच्या आईची मात्र त्या पत्त्यानं पक्की समजूत करून दिली की छप्पन एपीओ हे एक गाव आहे. आणि ते चांगलं मोठं असणार, कारण सातारा जिल्ह्यातली निम्मी तरणी पोरं तिथंच राहायला गेली होती.

तिच्या पहिल्याच पत्रात विचारणा होती, "छप्पन एपीओत पाऊस कसा हाय? पेरण्या उरकल्या का?" दुसऱ्या पत्रात नाराजी. "खालच्या आळीच्या काकूंचा धाकटा बी छप्पन एपीओलाच हाय म्हनं. एका गावात ऱ्हाऊन तुमी एकमेकांकडं जात न्हाई, ही काय रीत झाली? रविवारी जाऊन ये. जाताना मोकळ्या हातानं जाऊ नगंस."

मी तेव्हा काश्मिरात होतो आणि काकूंचा धाकटा जैसलमेरात. सरळ रेषेत मोजलं तरी अंतर शेकडो किलोमीटर. सुट्टीवर गेलो तेव्हा शाळेतला नकाशा आणून सोप्यात पसरला आणि आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं नकाशा नीट बघितला, राजस्थानावर येऊन बसलेली कोंबडी हाकलली आणि विचारलं, "गावं दोन, मग पोस्ट एकच कसं?" पुढं मी सुभेदार होऊन निवृत्त झालो, मोठ्या साहेबांच्या अवघड प्रश्नांना उत्तरं दिली. या प्रश्नाचं उत्तर आईला पटेल असं कधी देता आलं नाही.

पत्र लिहायचं काम चुलत्याच्या शाळकरी पोराकडं असायचं. आई बोलेल ते तो बोलल्यासारखंच उतरवायचा. आंतरदेशीय पत्राची जागा संपत आली की अक्षर बारीक व्हायचं आणि दुमडायच्या कडेला तो स्वतःचं एक कलम घुसडायचा: 'दादा, येताना बॅट आणणे. खरी आणणे, फळीची नको.' आईला वाचता येत नसल्यानं हे कलम कित्येक पत्रं निर्धास्त चालू राहिलं. सैन्यात पत्रांवर नजर ठेवणारे असतात, पण पत्र लिहिणाऱ्यावर नजर ठेवायची सोय कुठंच नाही.

आमचा जिल्हा फौजेला सरावलेला. सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढं 'मिलिटरी' असंच लावतात आणि कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. पहिल्या महायुद्धापासून त्या गावचे लोक लढायला जातायत. अशा मुलखातल्या बायकांना पोरगं दूर जाणार हे पाळण्यातच ठाऊक असतं, त्यामुळं शिकवणीही तेव्हाच सुरू होते. मला बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिपाई बनवलं, असं कागदोपत्री आहे. आमची रेजिमेंट आपला जन्म १७६८ सालचा सांगते, त्यामुळं तिच्या शब्दाला मान द्यायलाच हवा. पण उस्तादांनी शिकवलेलं बरंचसं मी आधी ऐकलेलं होतं. फरक एवढाच, की ते हिंदीत नव्हतं आणि चुकलं तर पिठ्ठू पाठीवर घेऊन मैदानाला फेऱ्या माराव्या लागत नव्हत्या. उलथनं बसायचं.

पायांचंच घ्या. आई वारकरी. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात आली, की लोणंदला ती दिंडीत मिळायची आणि तरडगाव, फलटण करत थेट पंढरपूर. मी बेळगावला निघालो तेव्हा शेजारचे लोक देशभक्तीवर बोलले, मास्तर शिवाजी महाराजांवर बोलले. आई म्हणाली, "नवी व्हान वारीला न्यायची न्हाई, ध्यानात ठेव." मला वाटलं, दुःखात बोलतीये.

बेळगावात डीएमएस बूट मिळाले. काळे, जड आणि आपण आतल्या पायापेक्षा मोठ्या हुद्द्याचे आहोत अशा समजुतीतले. बाकीच्यांनी ते पॉलिश करून ठेवून दिले, मोठ्या दिवसासाठी. मी रोज रोल कॉलनंतर खाटेवर बूट घालून बसायचो, टाचेला आतून तेलाचं बोट फिरवायचो. बराकीतले हसायचे. मग पहिला लांबचा रूट मार्च झाला. परतल्यावर पायांची तपासणी. ओळीनं पाय पुढं केलेले, आणि त्या ओळीत फोडांचे इतके प्रकार की नर्सिंग असिस्टंटचा आयोडीन संपला. उस्ताद माझ्यापाशी थांबले. पाय खालून-वरून बघितले.

"किसने सिखाया?"

"आईनं, उस्ताद."

"कौन सी युनिट?"

"लोणंदची दिंडी, उस्ताद."

उस्ताद आमच्याच भागातले. पुढं काही न बोलता त्यांनी पुढचे पाय बघितले.

वारी आणि पलटण यांचं नातं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. माउलींच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. म्हणजे फौजीच. रथापुढच्या दिंड्या किती, मागच्या किती, कुणाचा नंबर कितवा, सगळं ठरलेलं. पालखीचे घोडे येतात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, आणि अंकली बेळगाव जिल्ह्यात. तेव्हा माझे बूट आणि माउलींचा अश्व एकाच जिल्ह्यातून निघाले, याचा मला अभिमान आहे. संध्याकाळी तळावर समाजआरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदारानं दंड उंचावला की हजारो टाळ एकदम गप्प. मग हरवलं-सापडलं पुकारतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, चोपदार येऊन ऐकून घेईपर्यंत. आमच्या रोल कॉललाही 'कोई तकलीफ?' असं विचारतात. कुणाला कधी तकलीफ नसते. या एका बाबतीत दिंडी सैन्याच्या पुढं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी निवृत्त झाल्यावरच बोलतोय.

रात्रीच्या पहाऱ्याचंही तेच. भुईमूग काढणीला आला की रानडुकरं यायची आणि वडील ऊसतोडीच्या टोळीमागे असले की राखण आईकडं. मला सोबत न्यायची ती माझा उपयोग म्हणून नाही, घरी ठेवलं तर गूळ संपवतो म्हणून. अंधारात मी डोळे ताणून बघायचो. ती म्हणायची, "डुक्कर दिसाय पायजे आसंल तर डुकराकडं बघायचं न्हाई. जरा बाजूला बघायचं. मग दिसतंय." हे मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं. बेळगावात रात्रीच्या नजरेचा तास झाला आणि उस्तादांनी सांगितलं, अंधारात एखाद्या वस्तूवर थेट नजर रोखू नका, जरा बाजूला रोखा. कारण डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध ज्या पेशी दाटीनं असतात त्या उजेडात काम करणाऱ्या. मंद उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात कडेकडेनं. सरळ बघितलं की वस्तू हरवते, तिरकं बघितलं की सापडते. पोरं वहीत लिहून घेत होती. मी लिहिलं नाही. मला डुकरासकट पाठ होतं.

आता आईचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. हेल्मेटनं टक्कल पडतं, असं ती शेवटपर्यंत मानायची. अमावस्येला विमानात बसू नये, हा नियम तिनं मला कळवला तेव्हा मी विमानातून उतरून चार दिवस झाले होते. आणि कांद्याचं प्रकरण तर पलटणीत गाजलं. वाळवंटात बदली झाली तेव्हा तिनं बजावलं होतं, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेव. मी ठेवला. तरुण कॅप्टन साहेब किट तपासत होते, केरळकडचे. खिसा उलटा केला तर कांदा घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला.

"ये क्या है?"

"साब, मां का ऑर्डर."

साहेबांनी कांदा उचलून हातात फिरवला. खिशातला कांदा उन्हाला अडवतो याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही, पाणी प्यावं लागतं, अंगातून गेलेलं मीठ भरून काढावं लागतं. हे साहेबांनी सगळ्या सेक्शनला नीट समजावून सांगितलं. मला पटलं. दुपारी जेवायच्या वेळी त्यांचा रनर हळूच आला आणि म्हणाला, साहेब विचारतायत, आणखी एक असेल का. तिकडच्या लंगरमध्ये कांदा दोन दिवस संपला होता. आईचा नियम चुकीचा होता, पण कांदा चुकीचा नव्हता.

तिची खरी कमाल बघावी ती उंचावर. लडाखकडं पलटण जाते तेव्हा एकदम वर चढवत नाहीत. नऊ हजार फुटांवर गेलं की पहिला टप्पा सहा दिवसांचा, बारा हजारांवर दुसरा चार दिवसांचा, पंधरा हजारांवर पुन्हा चार. सुरुवातीला नुसता आराम, मग थोडं चालणं, मग थोडा चढ. पैलवान गड्यांना हे अपमानाचं वाटतं. पहिल्याच दिवशी पळून दाखवणारा एक तरी निघतोच आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून डॉक्टरांपुढं बसतो. मला आईचं सज्जनगडाच्या पायऱ्यांवरचं बोलणं आठवायचं, "आधी दम खा, मग पायरी खा." हे तिनं समर्थांच्या पायऱ्यांसाठी सांगितलेलं सूत्र हिमालयात चाललं. हिमालयाची उंची तिला माहीत नव्हती. माझा दम किती, हे माहीत होतं.

चौकीवर डाळ शिजेना. लांगरी बिचारा सकाळपासून बुखारीपाशी बसून राहायचा, रॉकेल जायचं आणि डाळ टणक ती टणकच. चौकीतला एकुलता एक कुकर शिट्टीचं रबर गेल्यानं पडून होता आणि नवीन रबर यायला रस्ता उघडावा लागणार होता. सॅटेलाइट फोनवर वाट्याला काही मिनिटं यायची. ती मिनिटं माणसं बायकोशी गोड बोलण्यात घालवतात. मी आईला सांगितलं, डाळ शिजत नाही.

"पानी जड आसंल तिकडलं," आई ओरडली. फोन लांबचा असला की ती तेवढ्या लांब आवाज जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची. सॅटेलाइट मधे नसता तरी चाललं असतं.

मी म्हटलं, पाणी जड नाही, बर्फाचंच आहे. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी लवकर उकळतं. पंधरा हजार फुटांवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, गावाकडं शंभराच्या जवळ लागतात. उकळी दिसते, पण डाळीला पुरेल एवढं ते तापतच नाही.

पलीकडं थोडा वेळ खरखर. मग आई म्हणाली, "झाकन घाल की. आन् झाकनावर धोंडा ठेव. रातीला भिजत घालत जावा, त्ये तर येडं बी सांगंल."

झाकणावर धोंडा म्हणजे वाफ कोंडायची, दाब वाढवायचा, पाण्याला आणखी तापल्याशिवाय उकळू द्यायचं नाही. कुकर तरी दुसरं काय करतो? मी विज्ञान सांगत होतो आणि ती यंत्र सांगत होती. लांगऱ्यानं जाड पातेलं घेतलं, झाकणाच्या कडेला कणीक लावली, वर धोंडा ठेवला. त्या रात्री डाळ शिजली. अगदी मेण झाली असं म्हणणार नाही, पण चमच्यानं दबली. लांगरी गढवालचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी बोलताना आईला 'माताजी' म्हणायला लागला आणि सुट्टीवर निघालो तेव्हा राजम्याचं काय करायचं ते विचारून यायला सांगितलं.

खाण्याच्या बाबतीत आईचा हुकूम एका ओळीचा होता: समोर यील त्ये खा, नाव इचारू नगंस. हा हुकूम किती पुढारलेला होता हे मला रेजिमेंटचा इतिहास वाचताना कळलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतला वेढा पडला, १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत. आत मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपाई हात लावेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही. तरी पुष्कळ जण पुष्कळ दिवस उपाशी राहिले. पुस्तकांत याचं कारण धर्म असं दिलंय. असेल. पण मला वाटतं, जिवंत घरी गेलो तर आईला काय सांगायचं, हाही प्रश्न त्यात असणार. धर्मगुरूंची तार येते. आईची येत नाही.

आमची आई तारेऐवजी पार्सल पाठवायची. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, टाके गोधडीचे, वर लाखेचे ठिपके, पत्ता त्याच शाळकरी पोराच्या हातचा. आत कांदा-लसणाची चटणी, दिंकाचे लाडू आणि अंतर भरून काढायला शेंगा. चटणीचं तेल कापडातून फुटायचं आणि पत्त्यातला नेमका माझा नंबर पुसून टाकायचं. तरी पार्सल चुकलं नाही. एका पोस्टातल्या हवालदारानं सांगितलं, नंबर वाचायची गरज पडत नाही, सातारा-सांगलीचं पार्सल वासावर लावता येतं.

दोन किलो चटणी एकटा माणूस खाऊ शकत नाही, हे तिला कळत नव्हतं असं मला आधी वाटायचं. मग कळलं की तो हिशोबच होता. "वाटून खा, न्हाई तर किडे पडतील" असा निरोप पार्सलमागोमाग यायचाच. मराठा पलटणीत चटणी वाटायला माणसं कमी नाहीत. पण पलटणीला जोडून सिग्नलवाले असतात, तोफखान्याचा निरीक्षक असतो, डॉक्टर असतात, त्यांत पंजाबी, तमिळ, डोगरे, आसामी सगळे. त्यांना कोरड्या चपातीवर चटणीचा ठसका लागला की माझी ओळख पक्की. सिग्नलच्या पोराला चमचाभर चटणी दिली की फोनच्या ओळीत माझा नंबर आधी लागायचा. याला कुणी वशिला म्हणेल. आई याला शेजारधर्म म्हणायची.

चौकीबाहेर त्या काळात फोन म्हणजे एसटीडी बूथ. गावात फोन एकच, किराणा दुकानात. आधी लावून सांगायचं, आईला बोलवा. दुकानदार पोराला पिटाळायचा, तोवर मी फोन ठेवून द्यायचो, थोड्या वेळानं पुन्हा लावायचो. ती धापा टाकत यायची आणि पहिले काही सेकंद दोघंही गप्प, मी मीटरकडं बघत. ठिकाण सांगायचं नाही, हा नियम मी काटेकोर पाळला. पण आईपुढं कसली गुप्तता? ती कधी 'कुठं आहेस' असं विचारतच नसे. एका डिसेंबरात मी दुपारचाच फोन केला आणि म्हटलं, लवकर बोल, अंधार पडतोय, परत जायचंय.

"अंदार?" आई म्हणाली. "हितं आजून उनं हायत. म्हंजी तू उगवतीकडल्या टोकाला हाईस."

खरंच होतो. पलटण तेव्हा अरुणाचलाच्या पूर्व भागात होती. डिसेंबरात तिथं साडेचारच्या सुमाराला दिवस बुडतो आणि साताऱ्यात सहा वाजतात. सगळ्या देशाचं घड्याळ एक, पण सूर्य तिकडं आधी उगवून आधी घरी जातो. मी घाबरून बूथच्या काचेबाहेर बघितलं. आई पुढं म्हणाली, "मटार कितीला हायत?" मी सांगितलं नाही. तिनं तेवढ्यावरूनही काहीतरी ताडलं असणार.

तिच्या या विचारण्याच्या पद्धतीचा मला पुढं खरा उपयोग झाला. हवालदार झालो, मग नायब सुभेदार. हाताखाली कोवळी पोरं आली. घरची आठवण काढून एखादा आतून खचत चाललाय का, हे ओळखणं आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. त्याला 'सब ठीक?' विचारलं तर तो 'ठीक है साब' म्हणणार. ताप असेल तरी ठीक, बापाचं पत्र वाईट आलं असेल तरी ठीक. आईनं मला उभ्या नोकरीत 'बरा हाईस का' असं विचारलं नाही. ती विचारायची, काय जेवलास. आणि नुसतं 'जेवलो' चालायचं नाही. भाजी कसली होती, किती चपात्या, ताक होतं का. जो नीट जेवत नाही त्याला भाजीचं नाव सांगता येत नाही, तो अडखळतो. मी लंगरबाहेर उभा राहून पोरांना एवढंच विचारायला लागलो. बऱ्याच जणांनी भोपळा म्हणून सांगितलं आणि भोपळाच असायचा. एक पोरगा अडखळला. "सब्जी थी साब," म्हणाला. त्याला बाजूला घेऊन बसवला तर अर्ध्या तासानं कळलं, बहिणीच्या लग्नाच्या कर्जावरून घरी भांडणं चालली होती आणि तो चार दिवस झोपला नव्हता. साहेबांना सांगून त्याला सुट्टीवर पाठवला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, भोपळ्यामुळं. ते त्यांनी अहवालात लिहिलं नाही.

सुट्टी म्हणजे जवानाला वर्षाला साठ दिवसांची मोठी आणि तीस दिवसांची किरकोळ, मिळेल तशी. रेल्वेचं वॉरंट खिशात, काळी ट्रंक खांद्यावर आणि जम्मूहून पुण्याला येणारी झेलम एक्सप्रेस. आमच्याकडच्या किती पोरांनी त्या गाडीच्या संडासाशेजारी ट्रंकेवर बसून देशाचं दर्शन घेतलंय, याची गणती नाही. घरी पोचलं की दारातच आई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची. मग ट्रंक उघडून किटची तपासणी. पलटणीत किट तपासताना वस्तू आहेत का ते बघतात. आई त्या कशा आहेत ते बघायची. "ह्यो मोजा कुनाचा? ह्येची जोडी तुजी न्हाई." मिल्टरीचं कांबळं ताबडतोब जप्त व्हायचं आणि उन्हाळ्यात त्याच्यावर कुरडया वाळायच्या. कॅन्टीनमधली रम ती स्वतः कुलपात ठेवायची, गुडघ्याला चोळायला म्हणून. आमचे मामा गुडघे धरत धरत आले तरी कुलूप निघायचं नाही.

एकदा वाटलं, घराला जरा फौजी शिस्त लावावी. पाच वाजता सगळ्यांना उठवायचं ठरवलं. पाचला उठून बाहेर आलो तर आईचं शेणपाणी उरकलेलं, धार काढून झालेली आणि चुलीवर दुसरा चहा. तिनं मला ऊसतोडीच्या टोळीला जेवण पोचवायला पाठवलं. "सरकारनं साठ दिस दिल्यात," ती म्हणाली, "कामं नव्वद दिसांची हायत. मग तू झोपून भागंल का?" त्या सुट्टीत मी कौलं शाकारली, विहिरीची मोटर बाहेर काढली, चुलत बहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली आणि पलटणीत परतलो तेव्हा दोन किलोनं उतरलो होतो.

आई आता नाही. काळी ट्रंक आहे, तिच्यात कुरडया असतात. आता पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात, मोबाइलवर तोंड बघत बोलतात, आणि मोबाइल न्यायला बंदी असलेल्या ठिकाणी गेली की घरची माणसं घाबरी होतात. माझ्याकडं गावातल्या आया सल्ला विचारायला येतात, सुभेदार म्हणून. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो. पोरगं भरतीला निघालं असेल तर नवे बूट महिनाभर आधी आणा आणि त्याला घालून रानात हिंडवा. पार्सल करताना चटणीवरचं तेल काढून घ्या, डबा आधी प्लास्टिकमध्ये बांधा, मग कापडात शिवा. पत्ता दोन्ही बाजूंना लिहा. आणि चटणी दोन किलोच्या खाली पाठवू नका, तिकडं खाणारे पुष्कळ असतात.